शिक्षणाच्या रकान्यापासून हायकोर्टापर्यंत

‘यांना धड वाचता येत नाही, मग हे आमदार कसे?’ अशी तक्रार घेऊन कुणी आलं की आम्ही आधी एकच विचारतो. वाचता येत नाही ही तक्रार आहे, की न शिकताच शिकल्याचं लिहिलंय ही? राग दोन्हीकडे सारखाच असतो. पण पहिल्या तक्रारीला विधानसभा-लोकसभेच्या कायद्यात दारच नाही, आणि दुसरीला तीन-चार दारं आहेत. प्रत्येक दाराची मुदत वेगळी, कागद वेगळे. उमेदवारांची शपथपत्रं तपासायच्या कामात आम्ही जी प्रकरणं बुडताना पाहिली, त्यांतली बरीचशी या दोन तक्रारी एकाच अर्जात कालवल्यामुळे बुडाली.

आधी पहिली बाजू मिटवू. आमदार होण्याची पात्रता राज्यघटनेच्या कलम १७३ मध्ये आहे, खासदाराची कलम ८४ मध्ये. भारताचं नागरिकत्व, ठरलेली शपथ आणि वय. विधानसभा-लोकसभेला २५ वर्षं, विधान परिषद आणि राज्यसभेला ३०. शिक्षणाचा उल्लेख कुठेही नाही. उलट, निवडणूक संचालन नियम, १९६१ च्या नियम २ मध्ये सही न येणाऱ्या माणसाची सोय करून ठेवली आहे: त्याने अधिकाऱ्यासमोर अंगठा किंवा खूण केली आणि अधिकाऱ्याने ओळख पटवून ती साक्षांकित केली की ती सहीच मानायची. छत्तीसगडमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये कधी शाळेत न गेलेले आमदार कवासी लखमा मंत्री झाले, तेव्हा राज्यपालांनी शपथ वाचली आणि ती त्यांनी मागोमाग म्हटली. ती शपथ पूर्ण कायदेशीर होती. ‘डोकं ठिकाणावर नाही’ असंही लोक सर्रास अर्जात लिहितात. राज्यघटनेच्या कलम १९१ मधली ती अपात्रता सक्षम न्यायालयाने तसं जाहीर केल्यावरच लागते. भाषणाच्या व्हिडिओवरून लागत नाही.

आमचं मत विचाराल तर ही अट नाही हेच बरं आहे. मद्रास राज्यात शाळेतल्या मुलांना दुपारचं जेवण देणारे मुख्यमंत्री कामराज स्वतः अकराव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडलेले होते. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचं दार उघडणारे वसंतदादा पाटील शालेय शिक्षणापलीकडे गेलेले नव्हते. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटावर वाद घालावा, जरूर घालावा, पण तो निर्णयावर घालावा. ‘अडाणी’ हा शब्द ज्या अर्जात येतो तो अर्ज आम्ही परत लिहायला लावतो. त्या शब्दाने समोरच्या पक्षाला फुकटचा बचाव मिळतो: गरिबाच्या पोराला शिकता आलं नाही म्हणून हे हिणवतात.

ग्रामपंचायतीची गोष्ट निराळी. तिथे महाराष्ट्रात शिक्षणाची अट खरोखर आहे. २०१७ मध्ये थेट सरपंच निवडीबरोबर ती आली आणि पुढे सदस्यांनाही लागू झाली: १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने सातवी किंवा तत्सम परीक्षा उत्तीर्ण केलेली हवी. त्याआधी जन्मलेल्याला अट नाही. म्हणून गावच्या प्रकरणात पहिला कागद जन्मतारखेचा असतो, शाळेचा नंतर. एखाद्या उमेदवाराविरुद्ध मोठी फाईल तयार होते आणि मग कळतं, जन्म १९९४ चा. सगळं तिथेच संपलं. अशी अट घालता येते का, हा प्रश्न हरयाणाच्या कायद्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १० डिसेंबर २०१५ च्या राजबाला निकालात न्यायालयाने ती वैध ठरवली. राजस्थानने मात्र घातलेली अट २०१९ मध्ये काढून टाकली.

या सातवीच्या अटीत एक गोम आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. १९९८ मध्ये जन्मलेलं मूल साधारण २०१०-११ मध्ये सातवीत होतं. त्याच्या प्रगतिपुस्तकावर श्रेणी असते आणि खाली ‘वर्गोन्नत’. म्हणजे आज पंचविशी-तिशीत असलेल्या उमेदवाराचा ‘सातवी उत्तीर्ण’ हा कागद त्याला वाचता येतं की नाही याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तो शाळेत होता, एवढंच सांगतो. जनगणनेत साक्षर कोणाला म्हणतात? सात वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं तिला. शाळेत गेलेलं असण्याची गरज नाही. या दोन व्याख्या एकमेकींना कुठेच चिकटत नाहीत, आणि छाननीच्या टेबलावर मात्र फक्त कागदाची व्याख्या चालते.

आता दुसरी तक्रार, खोट्या नोंदीची. तिची सुरुवात उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ च्या शपथपत्रापासून होते. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या प्रकरणातला २ मे २००२ चा निकाल आणि त्यानंतर १३ मार्च २००३ चा पीयूसीएलचा (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) निकाल, या दोन्हींनी उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क पक्का केला. शिक्षणाचा रकाना भाग ‘अ’ च्या शेवटाकडे असतो. त्यात सर्वोच्च शिक्षण, पदवी किंवा प्रमाणपत्राचं पूर्ण नाव, शाळा-महाविद्यालय-विद्यापीठाचं नाव आणि पूर्ण केल्याचं वर्ष, एवढं सगळं लिहायचं असतं. भाग ‘ब’ मध्ये याचाच गोषवारा येतो. हे दोन्ही भाग समोरासमोर ठेवून वाचा. ‘अ’ मध्ये ‘बी.ए. द्वितीय वर्ष’ आणि ‘ब’ मध्ये नुसतं ‘बी.ए.’ अशी तफावत बऱ्याचदा सापडते. ‘पदवी’ हा शब्द आहे पण विद्यापीठ नाही, विद्यापीठ आहे पण वर्ष नाही, ‘अपिअर्ड’ (म्हणजे नुसतं परीक्षेला बसल्याचं) लिहिलंय, या सगळ्या जागा पेन्सिलीने खुणा करायच्या.

त्यानंतर त्याच नेत्याची जुनी शपथपत्रं काढायची. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेल्या प्रती मिळतात. २०१४, २०१९, २०२४ अशी तीन शेजारी ठेवली की शिक्षण कसं वाढलं, घटलं किंवा बदललं ते दिसतं. वाढणं गैर नाही, माणूस मुक्त विद्यापीठातून पन्नाशीतही पदवी घेतो. शिक्षण घटलं, किंवा तीच पदवी वेगळ्या वर्षात, वेगळ्या विद्यापीठात गेली, की थांबायचं.

पदवी कुणी दिली हेही पाहायचं. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था यांनाच पदवी देता येते. आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, तीत नागपूरचं राजा अरेबिक विद्यापीठ वर्षानुवर्षं आहे. नावामागे ‘डॉ.’ लावणाऱ्यांच्या बाबतीत ही यादी पाच मिनिटांत निकाल देते. मानद डॉक्टरेट शैक्षणिक पात्रतेच्या रकान्यात लिहिली असेल तर तीही नोंदवून ठेवा.

पदवीची खातरजमा माहिती अधिकारातून होईल असं लोकांना वाटतं. अर्ज जरूर करा, पण त्यावर सगळी मदार ठेवू नका. महाराष्ट्रात जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती दुसऱ्या व्यक्तीची असल्यामुळे कलम ११ लागतं, त्या व्यक्तीला नोटीस जाते आणि मुदत ४० दिवसांवर जाते. बहुतेकदा शेवटी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो. पंतप्रधानांच्या पदवीबाबत केंद्रीय माहिती आयोगाने २०१६ मध्ये दिलेले आदेश न्यायालयांत टिकले नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२३ रोजी एक रद्द केला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २०२५ रोजी दुसरा. आम्हाला हे निकाल पटत नाहीत, कारण उमेदवाराने ती पदवी स्वतःहून मतदारासमोर ठेवलेली असते. पण अर्ज लिहिताना आपल्या मताचा उपयोग नाही, निकालांचा आहे. म्हणून ‘गुणपत्रिकेची प्रत द्या’ असं न मागता ‘अमुक वर्षी अमुक अभ्यासक्रम या विद्यापीठात सुरू होता का, त्या वर्षी हे महाविद्यालय संलग्न होतं का’ असं विचारतो. ही माहिती कुणाची खासगी नसते, आणि अभ्यासक्रमच त्या वर्षी नव्हता असं उत्तर आलं तर गुणपत्रिकेची गरजच उरत नाही.

गावच्या प्रकरणात शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची मूळ नोंदवही, हा खरा पुरावा. दाखल्याची दुसरी प्रत, बोनाफाईड हे सगळं नंतर तयार करता येतं. जनरल रजिस्टरची ओळ मागच्या-पुढच्या नोंदींच्या मध्ये बसलेली असते, शाई आणि अक्षर जुळावं लागतं. निर्गम उताऱ्यात पाहायची गोष्ट म्हणजे शाळा सोडताना ‘इयत्ता सातवीत शिकत होता’ असं आहे की ‘सातवी उत्तीर्ण’. याच एका शब्दावर प्रकरण उभं राहतं किंवा पडतं.

वेळेचं गणित इथे सगळ्यांना चकवतं. विधानसभेला अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत संपते आणि छाननी दुसऱ्याच दिवशी असते. ३० दिवसांचा माहिती अर्ज त्या आठ दिवसांत कुठेच बसत नाही. संभाव्य उमेदवार कोण हे गावाला सहा महिने आधी ठाऊक असतं. शाळेचे आणि विद्यापीठाचे अर्ज तेव्हाच टाकायला हवेत.

शपथपत्र दाखल झालं की त्याची प्रत सूचना फलकावर लागते. मजकूर खोटा आहे असं तुमचं म्हणणं असेल तर त्याविरुद्ध कुणालाही प्रति-शपथपत्र देता येतं, आणि आयोगाच्या सूचनेनुसार तेही त्याच ठिकाणी प्रसिद्ध करावं लागतं. लोक साधा तक्रार अर्ज देऊन मोकळे होतात, तो तसाच राहतो. नोटरीसमोर शपथ घेऊन केलेलं प्रति-शपथपत्रच द्या, सोबत कागदाच्या प्रती जोडा आणि पोहोच घ्या. मतदानाआधी मतदारापर्यंत खरी गोष्ट नेणारा हा एकमेव अधिकृत कागद आहे, आणि सर्वांत कमी वापरला जाणाराही.

छाननीला कुणालाही बसता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ३६ प्रमाणे उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि उमेदवाराने लेखी अधिकार दिलेली आणखी एक व्यक्ती, एवढेच. मतदाराला आत जायचं असेल तर कुठल्या तरी उमेदवाराचं अधिकारपत्र लागतं. ऐनवेळी दारात अडणाऱ्यांची संख्या मोठी असते. आत गेल्यावर हरकत लेखीच द्यायची. इथे एक फरक नीट समजून घ्या. रकाना कोरा असेल तर निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला तो भरायला सांगतो आणि तरीही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, हे रिसर्जन्स इंडिया प्रकरणात १३ सप्टेंबर २०१३ ला ठरलं. रकाना भरलेला पण खोटा असेल तर छाननीत अर्ज बाद होत नाही. अधिकाऱ्यापुढची चौकशी संक्षिप्त असते, खरं-खोटं ठरवायला तो न्यायालय नाही. म्हणून हरकत फेटाळली गेली तरी निराश व्हायचं कारण नाही. ‘मुद्दा वेळेवर मांडला होता’ हे पुढे दाखवता यावं यासाठी ती द्यायची असते. ग्रामपंचायतीत उलट आहे. तिथे सातवी ही पात्रतेचीच अट असल्यामुळे छाननीतच अर्ज पडू शकतो, आणि तिथे चुकलं तर निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली अर्ज करावा लागतो.

खोट्या शपथपत्राचं फौजदारी दार म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५ए. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करता येते. पण शिक्षा एक वर्षाच्या आतली असल्यामुळे न्यायालयाने दखल घेण्याची मुदत एक वर्षच आहे, हे वकीलसुद्धा विसरतात. स्मृती इराणी यांच्या २००४ आणि नंतरच्या शपथपत्रांतल्या शिक्षणाच्या तफावतीची तक्रार दिल्लीच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये समन्स न काढताच फेटाळली. सुमारे ११ वर्षांचा उशीर आणि मूळ कागद उपलब्ध नसणं ही कारणं त्यात होती. मुदतीत केलेली तक्रारही नव्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे आधी आरोपीला ऐकून मगच पुढे जाते. आणि दोष सिद्ध झाला तरी सहा महिन्यांच्या शिक्षेने आमदारकी आपोआप जात नाही, कारण सर्वसाधारण अपात्रतेला दोन वर्षांची शिक्षा लागते.

पद घालवायचं असेल तर निवडणूक याचिका. उच्च न्यायालयात, निवडून आल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत, त्या मतदारसंघातल्या मतदाराने किंवा उमेदवाराने. ही मुदत कोणत्याही कारणाने वाढत नाही. आजारपण, वकील बदलला, काहीही चालत नाही. अनामत २,००० रुपये. जेवढे प्रतिवादी तेवढ्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर याचिकाकर्त्याने स्वतःच्या सहीने ‘खरी प्रत’ असं साक्षांकन करायचं. भ्रष्ट आचरणाचा (लाच, धमकी असे कायद्यात नावानिशी दिलेले निवडणुकीतले गैरप्रकार) आरोप असेल तर नमुना २५ चं वेगळं शपथपत्र. याचिकेत ‘पदवी बोगस आहे’ एवढं वाक्य पुरत नाही. कोणत्या रकान्यात काय लिहिलं, विद्यापीठाच्या नोंदीत काय आहे, ते तारखेसह मांडावं लागतं, नाहीतर ठोस तथ्यं नाहीत म्हणून याचिका दारातच फेटाळली जाते. संकेतस्थळावरून काढलेली छापील प्रत नुसती जोडू नका. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडून प्रमाणित प्रत घ्या, नाहीतर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं प्रमाणपत्र लागतं.

निकाल दोन्हीकडचे आहेत. मणिपूरमधल्या मोइरांग मतदारसंघात २०१२ मध्ये निवडून आलेल्या मैरेंबम पृथ्वीराज यांनी म्हैसूर विद्यापीठाची २००४ ची एमबीए लिहिली होती. ती खोटी निघाली. लिहिण्यातली चूक, असा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०१६ ला तो नाकारला आणि निवड रद्द झालेली कायम केली. निवडून आलेल्याचाच अर्ज चुकीने स्वीकारला गेला असेल तर निकालावर परिणाम झाला हे वेगळं सिद्ध करायला नको, असंही त्यात आहे. दिल्लीचे माजी कायदामंत्री जितेंदरसिंह तोमर यांची २०१५ ची निवडही शिक्षणाच्या खोट्या नोंदीवरून जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. तोवर त्या विधानसभेची मुदत संपत आली होती. दुसरीकडे, शिक्षणाची खोटी माहिती हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खालचं भ्रष्ट आचरण नव्हे असा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. त्यामुळे याचिकेचा सगळा भार भ्रष्ट आचरणावर टाकू नये. त्याच कायद्याच्या कलम १०० मधला ‘अर्ज चुकीने स्वीकारला’ हा आधार आधी आणि सविस्तर मांडावा.

राहिली कारभार झेपतो का ही गोष्ट, जी खरं तर सगळ्यांना विचारायची असते. आमदाराच्या बाबतीत पाच वर्षांनी मत, याशिवाय कायद्यात उपाय नाही. सरपंचाच्या बाबतीत आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये गैरवर्तन आणि हयगय यांच्याबरोबर ‘कर्तव्य पार पाडण्यास असमर्थता’ हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. चौकशी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यामार्फत, निर्णय विभागीय आयुक्तांचा. इथे शाळेचा दाखला कुणी विचारत नाही. इथे लागतं ते दप्तर: नमुना ५ ची रोकड वही, मासिक सभेचं इतिवृत्त, ग्रामसभेचे ठराव, बँकेचा उतारा.

हे चार कागद तारखेने जुळवायला बसलं की खरी अडचण दिसते. ग्रामनिधीचं खातं सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) यांच्या संयुक्त सहीने चालतं. वित्त आयोगाच्या पैशासाठी सरपंचाची डिजिटल सही लागते. ती डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणात असते, आणि डोंगल पिनसकट संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये. ठराव १८ तारखेचा, पैसे गेले ११ ला. सभेच्या दिवशी सरपंच तालुक्याला होते आणि इतिवृत्तावर सही आहे. अशा गावांत बारावी झालेले, पदवीधर सरपंचही आम्ही पाहिले. आणि चौथीत शाळा सोडलेल्या सरपंचबाईंनी डोंगल पदराच्या गाठीला बांधून ठेवल्याचं, प्रत्येक देयक मुलीकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय पिन न दिल्याचंही पाहिलं. कलम ३९ चा अर्ज करायचा असेल तर आरोप पाच-सहाच ठेवा, प्रत्येकाखाली देयकाचा क्रमांक, रक्कम, ठरावाची तारीख आणि पैसे गेल्याची तारीख लिहा. शिक्षणाबद्दल त्यात एक ओळही नको.